जाळीजवळची जागा

त्याचा दिवस पहाटे चारला सुरू व्हायचा. गजर नाही, कोणाची हाक नाही. डोळा उघडला की पाय जमिनीवर. बायको म्हणायची, "तुम्ही झोपता की नुसते आडवे होऊन पहारा करता?" तो शेगडीवर चहाचं पाणी ठेवायचा आणि ते उकळेपर्यंत बोटं एकेक करून मोडायचा. ओझी वाहणाऱ्या माणसाची बोटं सकाळी आखडलेली असतात. ती आधी कामाला लावावी लागतात, मग बाकीचं अंग आपोआप मागे येतं.

आठवडाभर तो बांधकामावर ओझी वाहायचा. विटा, वाळू, फरशा, जे असेल ते. पण बाजाराच्या दिवशी तो बाजाराचा माणूस असायचा. जुन्या बसडेपोच्या मागच्या फरसबंद आवारात आसपासचे शेतकरी आठवड्यातून एकदा आपला माल घेऊन यायचे. थंडी सरली की बाजार सुरू, पुन्हा थंडी पडली की बंद. त्या आवारात कोणी कुठे बसायचं याच्या रेघा तो मारायचा. पांढऱ्या फक्कीच्या. म्हणून त्याला सगळे फक्कीवालाच म्हणायचे. त्याचं खरं नाव बाजाराच्या समितीलासुद्धा मजुरी देताना आठवावं लागायचं.

रेघ मारणं हे कोणालाही सोपं वाटेल. तसं ते नाही. त्याच्याकडे एक जाड सुती दोरी होती आणि तिला जागेजागेवर गाठी मारलेल्या होत्या. एक गाठ ते दुसरी गाठ, एका माणसाची जागा. दोरीचं एक टोक फाटकाजवळच्या खुंटीला अडकवायचं आणि दुसरं घेऊन आवाराच्या टोकापर्यंत चालत जायचं. मग ओढायची. हाताने ओढणारा लवकर थकतो आणि रेघही वाकडी येते. दोरी अंगाने ओढायची असते. कमरेला वळसा, टाचा रोवलेल्या, आणि मागे रेलायचं. दोरी ताठ झाली की दगडाखाली दाबायची. मग भोकं पाडलेला फक्कीचा डबा गुडघ्यावर आपटत चालायचं. डबा जोरात आपटला तर ढीग पडतो, हळू आपटला तर रेघ तुटते. ते हाताला कळावं लागतं.

तो येण्याआधी हंगामाच्या पहिल्या बाजाराला दरवर्षी भांडणं व्हायची. याचं टेबल त्याच्या जागेत, त्याची टोपली याच्या पायात. एकदा तर भोपळे फेकले होते म्हणे. फक्कीवाला आला आणि भांडणं थांबली. तो कोणाचं ऐकायचा नाही, कोणाचा चहा घ्यायचा नाही. टेबल रेघेवर आलं की न बोलता एक कड उचलायचा आणि आत सरकवायचा. मधवाला, म्हणजे मधाच्या बाटल्या घेऊन बसणारा जाड्या, लोकांना सांगायचा, "हा बाबा स्वतःच्या सावलीलाही रेघेबाहेर उभं राहू देत नाही."

हे ऐकलं की फक्कीवाल्याला बरं वाटायचं. ते तो कोणाला दाखवायचा नाही.

त्याची ताई त्याच बाजारात बसायची. शेवटच्या रांगेतली शेवटची जागा, गटाराच्या लोखंडी जाळीजवळची. आई लवकर गेली तेव्हा तो बोट धरून चालायच्या वयाचा होता आणि ताईने परकर खोचून घर हातात घेतलं होतं. तिनेच त्याला न्हाऊ घातलं, तिनेच मारलं, आणि पहिल्यांदा कामावर जाताना भाकरी बांधून दिली तीही तिनेच. तो आजोबा व्हायच्या वयाला आला तरी ती त्याला धाकट्याच म्हणायची.

ताई रोपं विकायची. टोमॅटो, मिरची, वांगी, कोबी, थोडी फुलझाडं. हा धंदा हंगामाच्या पहिल्या बाजाराचा. लोकांना परसात लावायला रोपं हवी असतात ती तेव्हाच. पुढच्या आठवड्यात निम्मी गिऱ्हाइकं, त्यानंतर कोणी नाही. म्हणून सगळी थंडी ताई त्या एका दिवसासाठी राबायची. दोन खोल्यांचं घर, आणि दोन्ही खोल्यांत डबे. तेलाचे, दुधाच्या पावडरचे, रंगाचे. खिडकीत डबे, कपाटावर डबे, पलंगावर डबे. ऊन सरकेल तसे ती ते सरकवायची. रात्री खिडकीतून गार वारा लागू नये म्हणून जुन्या चादरी टांगायची. तिची मुलगी चिडायची. "आपल्याकडे पाहुणा आला तर तो उभा राहतो. बसायला जागा फक्त टोमॅटोला."

"टोमॅटो पाहुण्यासारखा उठून जात नाही ना," ताई म्हणायची. "त्याला बघावं लागतं."

त्या वर्षी समितीत नवे चिटणीस आले होते. उत्साही माणूस. हंगामाची सुरुवात झोकात व्हावी म्हणून त्यांनी पहिल्या बाजाराच्या पहाटे सगळं आवार पाइप लावून धुऊन घेतलं. एरवी फक्कीवाला आदल्या संध्याकाळी रेघा मारून मोकळा व्हायचा. त्या वर्षी त्याला पहाटे, ओल्या फरशीवर आणि घाईत काम करावं लागलं. पहिल्या रांगा नीट झाल्या. दोरी फरशीवरून ओढत ओढत तो शेवटच्या रांगेला आला. कमरेला वळसा घेतला, टाचा रोवल्या, रेलला. दरवर्षी शेवटची गाठ बरोबर जाळीच्या काठावर यायची. या वेळी ती चांगली वीतभर अलीकडे राहिली. तो पुन्हा रेलला. गाठ हलली नाही.

त्याने जाळीकडे पाहिलं. जाळी नवी होती. थंडीत गटाराचं काम झालं होतं.

"सरकवली गाढवांनी," तो म्हणाला आणि फक्की मारली.

दोरी पाण्याने आटते हे त्याला माहीत नव्हतं असं नाही. आयुष्य दोऱ्यांत गेलेलं. पण ते त्या क्षणी त्याच्या डोक्यात आलं नाही. माणूस एकदा दुसऱ्याची चूक शोधायला लागला की स्वतःच्या हातातली वस्तू बघत नाही.

ताई आली ती नेहमीच्या हातगाडीवाल्याबरोबर. डबे एकमेकांना टेकवून, मध्ये कागद कोंबून आणलेले. टेबल नेहमीच्या जागी लावलं. बाहेरच्या बाजूचे दोन पाय जाळीच्या दगडी काठावर. तो काठ पक्का होता. अलीकडची फरशी मात्र फुटकी होती, मध्ये खचलेली. ताईला ते ठाऊक होतं म्हणून ती तिथे पाय ठेवायची नाही, ना स्वतःचे ना टेबलाचे.

फक्कीवाला रांग बघत आला आणि थांबला. टेबल रेघेच्या वीतभर बाहेर.

"ताई, आत घे."

"मी जिथे बसते तिथेच बसलेय. तुझी रेघ आत आलीये."

"रेघ बरोबर आहे. जाळी सरकलीये."

"जाळी कशी सरकेल? म्हैस आहे का ती? गटार जिथे, तिथेच जाळी."

शेजारचे लोक हसले. मधवाल्याने बाटल्या पुसणं थांबवलं.

"नवी बसवलीये ती," फक्कीवाला म्हणाला.

"अरे, दोरीला हात लाव एकदा. आवार धुतलंय. ओली आहे का बघ."

दोरी त्याच्या खांद्यावरच होती. गुंडाळलेली. हात वर नेला असता तर काम झालं असतं. पण आजूबाजूला वीसेक डोळे होते आणि त्यातल्या निम्म्यांची टेबलं त्याने आजवर मागे सारली होती. आज बहिणीला वीतभर दिली तर उद्या सगळा बाजार हातभर मागेल, असं त्याला वाटलं. मान ताठ झाली.

"रेघ म्हणजे रेघ," तो म्हणाला. टेबलाची कड उचलली आणि आत सरकवली.

टेबलाचे दोन पाय खचलेल्या फरशीवर आले आणि टेबल डुगडुगलं. ताईने डब्यांच्या मधला कागद काढला, घडी घातली, पायाखाली सारली. पुन्हा दाबून पाहिलं. एक लाकडाची ढलपी शोधून तीही सारली. फाटकावरची घंटा वाजली. घंटेआधी कोणी विकायचं नाही हा नियम, आणि घंटेनंतर कोणी थांबायचं नाही हा रिवाज. लोक आत घुसले.

फक्कीवाला पलीकडे ताडपत्री बांधत होता. त्याला आवाज आला. पत्र्याचे डबे फरशीवर पडल्याचा आवाज कशासारखाही नसतो. एक पडतो, मग सगळे, आणि नंतर बराच वेळ एखादा गडगडत राहतो.

एका बाईने मागच्या डब्यासाठी वाकून टेबलावर हात टेकवला होता. एवढंच. टेबल त्या बाजूला गेलं. टोमॅटोची रोपं मानेत मोडली, मिरचीची मुळांसकट बाहेर आली. गर्दीला थांबायला वेळ लागतो. तोवर पाय पडायचे ते पडले. फक्कीवाला धावत पोचला तेव्हा ताई गुडघ्यांवर बसून माती ओंजळीने गोळा करत होती. मधवाला आपलं एवढं पोट सांभाळत तिच्या शेजारी वाकला होता. फक्कीवालाही वाकायला गेला.

"बाजूला हो," ताई म्हणाली. "तुझ्या पायाखाली येतील."

शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

दुपारी बाजार उठला. ऊन चांगलं पडलं होतं, दोरी खुंटीवर वाळत होती. गुंडाळण्याआधी त्याने ती शेवटच्या रांगेत पुन्हा एकदा लावली. का लावली ते त्याला नीट सांगता आलं नसतं. कमरेला वळसा, टाचा रोवून रेलला. शेवटची गाठ जाळीच्या काठावर आली. बरोबर काठावर, जशी दरवर्षी यायची तशी. जाळी तसूभरही हललेली नव्हती. तो बराच वेळ तसाच रेलून उभा होता. दोरी सोडली तर पडू, अशासारखा.

पुढच्या बाजाराला ताईची जागा रिकामी राहिली. तेव्हा तो दोरी खांद्यावर टाकून तिच्या घरी गेला. ताई दारात बसून रिकामे डबे घासत होती.

"ताई, दोरी ओली होती. आटली होती. हे बघ, आता वाळल्यावर..."

"मी काय म्हटलं होतं तुला?"

"दोरीला हात लाव म्हणून."

"लावलास?"

"नाही."

"मग आता दोरीचं काय सांगायला आलास?" तिने डबा पालथा घातला. "चहा घेशील ना? बस. आज खुर्ची रिकामी आहे. टोमॅटो गेले."

ती हसली. तोही हसायला गेला, पण हसू काही आलं नाही. चहा मात्र प्याला. ताईने त्याच्याशी बोलणं कधी टाकलं नाही. घरचं येणंजाणं होतं तसं राहिलं. ती फक्त बाजारात आली नाही. रोपं घरीच करायची, पूर्वीपेक्षा कमी, आणि ओळखीचं कोणी दारात आलं तर द्यायची. तो दरवर्षी हंगामाआधी जाऊन विचारायचा, "येतेस का यंदा?" ती म्हणायची, "बघू." कधी म्हणायची, "गुडघे दुखतात रे." गुडघे खरंच दुखत होते. पण कारण तेवढंच नव्हतं हे दोघांनाही माहीत होतं.

एका वर्षी तिने विचारलं, "ती खचलेली फरशी बदलली का?"

"समितीला सांगितलंय."

"समितीला!" ताई म्हणाली आणि पदर तोंडाला लावून हसली. "बदलली की ये मला न्यायला."

ती चेष्टेत म्हणाली की मनापासून, हे त्याला कळलं नाही. त्याने ते मनापासूनचं धरलं आणि समितीच्या मागे लागला. चिटणीस भले गृहस्थ. "यंदा जमायचं नाही, पुढच्या वर्षी नक्की," असं ते दरवर्षी म्हणायचे, आणि दरवर्षी त्यांना तसंच वाटायचंही. ती जागा कोणी घ्यायला तयार नव्हतं. एक लोणीवाला दोन बाजार बसला आणि टेबल डुगडुगतं म्हणून उठून गेला. फक्कीवाला तरीही तिथे रेघ मारायचा. आता प्रत्येक वेळी ओढण्याआधी दोरी सबंध हातातून फिरवायचा. मधवाला म्हणायचा, "काय फक्कीशेठ, दोरीला ताप आलाय का?"

बायकोला हे सगळं दिसत होतं. एकदा ती भडकली.

"एक फरशी! जन्मभर लोकांच्या घरात फरशा वाहून नेल्यात. एक उचलून तिथे ठेवायला हात मोडतात का?"

"आवार समितीचं आहे. विचारल्याशिवाय दगड हलवायचा नाही. उद्या प्रत्येक जण उकरायला लागेल."

"सुंभ जळेल पण पीळ जाणार नाही," बायको म्हणाली. "बहिणीपुढे तो पीळ मिरवला, आता फरशीपुढे मिरवा."

तो उठून बाहेर गेला. ती बरोबर बोलतेय हे त्याला कळत होतं. पण कळणं आणि कुदळ उचलणं यांच्यामध्ये त्याचा नियम आडवा पडलेला होता. तो नियम त्याने इतकी वर्षं उचलून धरला होता की खाली ठेवायचा कसा हेच विसरला होता. अशी वर्षं गेली.

शेवटच्या थंडीत ताई पलंगाला खिळली. डबे होतेच, खिडकीत आणि कपाटावर. ती पडल्यापडल्या सांगायची आणि तो सरकवायचा. "तो नको, त्याच्या मागचा. अरे हळू, मान मोडशील त्याची." एका दुपारी तिने विचारलं, "मिरची उगवली का?"

"उगवली. यंदा लवकर आलीये."

"मग बाजाराला तयार होईल," ती म्हणाली आणि डोळे मिटले. फरशीचं तिने काही विचारलं नाही. विचारलं असतं तर त्याच्याकडे सांगायला समितीच होती.

त्यानंतर थोड्याच दिवसांत ताई गेली. सकाळी भाची चहा घेऊन गेली तेव्हा ती गेलेली होती. फक्कीवाल्याला निरोप मिळाला तेव्हा तो तिसऱ्या मजल्यावर विटा चढवत होता. त्याने पाटी खाली ठेवली. नीट ठेवली, कडेला, कोणाच्या पायात येणार नाही अशी. मग जिना उतरला.

माणसं येऊन गेली, घर शांत झालं. डबे तसेच होते. भाची, ताईची मुलगी, दवाखान्यातल्या कपड्यांच्या धुलाईत कामाला होती. संध्याकाळी दमून यायची आणि डब्यांना पाणी घालायची. एके दिवशी तिने विचारलं, "मामा, यांचं काय करू? फेकायला हात होत नाही."

"बाजार जवळ आलाय. घेऊन ये."

"कुठे, आईच्या जागेवर? तिथे टेबल डुगडुगतं ना?"

"डुगडुगणार नाही," तो म्हणाला.

घरी येऊन त्याने बायकोकडे थंडीतल्या मजुरीचे पैसे मागितले. त्याची दाढ वर्षभर ठणकत होती, आणि दातांच्या डॉक्टरकडे जायचं म्हणून तिने ते बाजूला ठेवले होते. थंडीत कामं कमी, म्हणून ते जमायला वेळ लागला होता. तिने कशाला म्हणून विचारलं. त्याने सांगितलं. बैल गेला आणि झोपा केला, असं ती म्हणेल असं त्याला वाटलं. ती म्हणाली नाही. पैसे आणून त्याच्या हातावर ठेवले आणि म्हणाली, "दगड नीट बघून घ्या. तडा असेल तर आधी वाजवून बघा."

त्याने वाजवून घेतला. चार बोटं जाड, घट्ट, एका बाजूने घासलेला. हातगाडीवर घालून पहाटेच आवारात नेला. कोणाला विचारलं नाही. खचलेली फरशी पहारीने उचलली तेव्हा ती दोन तुकडे होऊन बाहेर आली. खालची माती पाण्याने वाहून गेली होती. त्याने ती उकरली, खडी भरली, धुमसाने ठोकली, वर वाळू पसरली, फळीने सपाट केली. दगड कडेवर उभा करून हळूच आत सोडला. लाकडी हातोड्याने चारही कोपरे ठोकत, लेव्हलची नळी ठेवून, बुडबुडा मध्ये येईपर्यंत. मग सांधे भरले. पाठ सरळ केली तेव्हा ऊन नुकतं भिंतीवर आलं होतं.

एका सकाळचं काम. त्यालाच खोटं वाटलं. पुन्हा एकदा लेव्हल ठेवून पाहिली, उगाच.

चिटणीस आले. आता तेही म्हातारे झाले होते. दगडाकडे पाहून म्हणाले, "अहो, परवानगी?"

"पुढच्या वर्षी द्या," फक्कीवाला म्हणाला.

चिटणीसांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला आणि निघून गेले.

हंगामाच्या पहिल्या बाजाराला भाची आली. तेच डबे, मध्ये कोंबलेले कागद. त्याने रेघा आदल्या संध्याकाळीच मारल्या होत्या, दोरी हातातून दोनदा फिरवून. शेवटची गाठ जाळीच्या काठावर आली होती. भाचीने टेबल लावलं. बाहेरचे दोन पाय नव्या दगडावर, आतले दोन जुन्या पक्क्या फरशीवर. तिला जुनं आठवत असावं, कारण डबे ठेवण्याआधी तिने दोन्ही हातांनी टेबल दाबलं, एका कोपऱ्यावर, मग दुसऱ्या.

"छान बसलंय मामा."

"मिरची मागे ठेव," तो म्हणाला. "टोमॅटो पुढे. लोक आधी टोमॅटो बघतात."

"आई असंच सांगायची."

मधवाल्याने पलीकडून एक बाटली उचलून दाखवली, घे म्हणून. फक्कीवाल्याने नको म्हणून मान हलवली. मग थांबला, गेला आणि घेतली. इतक्या वर्षांत त्याने बाजारात कोणाकडून घेतलेली ती पहिली वस्तू. ती त्याने भाचीच्या टेबलाखाली ठेवली.

घंटा वाजली. लोक आत आले. पहिल्याच गिऱ्हाइकाने मागचा डबा घ्यायला वाकून टेबलावर सगळा भार टाकला. फक्कीवाल्याने एक पाऊल पुढे टाकलं. टेबल जागचं हललं नाही.

गालात दाढ ठणकत होती. तिच्यासाठी ठेवलेली थंडीची मजुरी, खालून वर विटा वाहून मिळवलेली, आता तिथे पायाखाली होती. टेबलाचे दोन पाय मावतील एवढा दगड.